केरबामामाचा कडू घास

जोतिबाच्या डोंगराला जाताना एका वळणावर माझ्या मामाची, केरबाची, चहाची टपरी होती. टपरीच्या डोक्यावर काळा कडा, आणि कड्याला हात आत जाईल एवढी भेग. मामाला तो कडा म्हणजे फुकटची सावली. माझी मात्र त्याच्यापायी झोप उडाली होती, कारण दगड दाबाखाली कसा फुटतो हे कॉम्प्युटरवर काढून बघणं, हेच माझं कोल्हापुरातल्या कॉलेजातलं संशोधन.

"मामा, टपरी पलीकडं हलवा," मी शंभरदा सांगितलं.

"आज्यापास्नं हाय त्यो दगुड. तुझ्या डब्याला काय कळतंय?" डबा म्हणजे माझा लॅपटॉप.

मला राग आला. लहानपणी जत्रेत खांद्यावर बसवून फिरवणारा सख्खा मामा, त्याला असा दगडाखाली सोडून देणार होते थोडीच.

मग हट्टानं सिम्युलेशन केलं. कड्याचे फोटो काढले, भेगा मोजल्या. दगड म्हणजे एकमेकांना टाके घालून शिवलेले हजारो तुकडे असं मानलं आणि कॉम्प्युटरला एकेक टाका उसवायला लावला. भेगेत पावसाचं पाणी शिरतं, दाब वाढतो, टाके तुटत जातात, आणि कडा सुटतो तो थेट चुलीवर. मामाला पटावं म्हणून चित्रातल्या कड्यावर खरे फोटो चिकटवले. खाली टपरी ठेवली, टपरीत टोपीवाला माणूसही ठेवला. हौसेला मोल नसतं. ती क्लिप सकाळी घरच्या ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, 'कॉम्प्युटरवर केलंय. मामांची टपरी बघा.'

गडहिंग्लजकडच्या मंडळींनी बघितली. लिहिलेलं वाचायची आमच्या घराण्यात पद्धत नाही. त्यांनी मामाला फोन लावले, तर कड्याखाली रेंज नाही. मग काय विचारता.

मला कळलं तोवर नेसरीहून थोरली मावशी, धोंडुबाई, गाडीभर माणसं घेऊन निघालीसुद्धा होती. मी स्कूटर दामटत वळणावर पोचले आणि मागोमाग त्यांची गाडी आली. बायका गळा काढतच उतरल्या. मामा चहा गाळत होता. रडणं ऐकून त्यानं लगबगीनं टोपी सारखी केली, डोळ्याला पंचा लावला आणि विचारलं, "आक्का, कोण गेलं गं?"

मावशी जागच्या जागी थांबली. "तू," म्हणाली.

मग तिनं त्याला मिठी मारली, मग दोन धपाटे घातले, मग परत मिठी मारली. माझ्या वाट्याला नुसते धपाटे आले.

खरा घोळ पुढंच होता. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून सोयरे आपल्या घरून भाकरी-पिठलं करून नेतात, तो कडू घास. मावशीनं बुट्टी भरून आणला होता. तो परत घरी न्यायचा नसतो. आणि मयतच समोर उभं असल्यावर खायचा तरी कसा?

"ठिवा की, मी गिऱ्हाइकास्नी देतो," मामा म्हणाला.

"गप बस. हितं रडणं झालंय, कडू घास आलाय. ही जागा मयताची झाली. हितं आता चूल पेटायची न्हाय."

"आक्का, मी जिता हाय की."

"त्ये मला दिसतंय. पर गाडीभर बायका रडल्यात, त्ये वाया घालवू व्हय?"

मामानं चूल विझवली. कॉम्प्युटरशी भांडता येतं, थोरल्या बहिणीशी नाही. गाडीतल्या पुरुषांनी टपरी उचलून रस्त्यापलीकडं वडाखाली नेली. तिथं चूल पेटली आणि सगळ्यांनी कडू घास चहाबरोबर खाल्ला. सगळ्यात जास्त मामानं खाल्ला. पिठलं झकास झालं होतं.

त्यानंतर सबंध पावसाळा मामा पलीकडून कड्याकडं बघायचा आणि मला टोमणे मारायचा, "पडला न्हाय अजून तुझा दगुड."

गणपती गेल्यावर एका दुपारी पडला. माझ्या गणितात होता त्यापेक्षा लहान तुकडा, पण जुन्या चुलीच्या जागेवरच.

मामा हादरला. वडाखाली रेंज होती. त्यानं फोटो ग्रुपवर टाकला आणि रस्त्याकडं डोळे लावून बसला. मी धावत गेले, पण बाकी कुणी फिरकलं नाही. शेवटी त्यानंच मावशीला फोन लावला.

"आक्का, दगुड खरंच पडला गं. मी तितं असतो तर गेलो असतो. फोटू टाकला, तरी कोण आलं न्हाय."

"तुझं रडून झालंय आमचं," मावशी म्हणाली. "आता जग निवांत."