दौलतजादा

सौमित्र नागपूरचा, आता अमेरिकेतल्या अल्फारेटात मुरलेला. त्याची बायको लोसे टोंगाची, म्हणजे पॅसिफिक महासागरातल्या चिमुकल्या बेटांच्या देशाची; वाढली मात्र सॉल्ट लेक सिटीत. महाराष्ट्र मंडळात तिला सगळे ‘हवाईवाली वहिनी’ म्हणत. सुरुवातीला ती दुरुस्त करायची, पुढे तिनं नाद सोडला. मोदकांना कळ्या मात्र ती मंडळातल्या निम्म्या बायकांपेक्षा सुबक पाडायची.

यंदा गणपतीच्या कार्यक्रमात लेकीनं, इलानं, आईकडचा नाच करावा, ही कल्पना सौमित्रचीच. सगळ्या बॉलिवूड डान्सच्या गर्दीत पोरगी उठून दिसेल, असं त्याला वाटलं. लोसे हरखून गेली. तिनं लगेच भावाला, तेविताला, फोन केला. तो तिकडे सॉल्ट लेकला चर्चमध्ये गायचा आणि लग्नाकार्यात युकुलेली, म्हणजे चार तारांची छोटी गिटार, वाजवायचा.

“रेकॉर्डिंग कशाला?” तो म्हणाला. “भाची नाचणार, तर मामानं गायला नको?”

उन्हाळाभर बेसमेंटमध्ये तालीम चालली. या नाचात गुडघे जुळलेले ठेवायचे; सांगायचं ते सगळं हातांनी आणि कलत्या मानेनं. “कंबर हलवलीस तर माझी आई तुला घराबाहेर काढेल,” लोसे लेकीला बजावायची.

कार्यक्रमाच्या दिवशी मंडळाच्या शुभाकाकूंनी माइकवर जाहीर केलं, “आता थोडी धमाल! हवाईयन डान्स!”

लोसेनं नवऱ्याकडे पाहिलं.

“जाऊ दे ना,” तो पुटपुटला. “कोणाला फरक कळतोय?”

तेवितानं युकुलेली छेडली आणि एक जुनं प्रेमगीत उचललं. लाडक्या माणसाला थेट नावानं न हाकारता फुलांची नावं घेत आळवायचं, अशी त्या गाण्यांची रीत. खोबरेल तेलानं चमकणारे इलाचे हात संथ उलगडू लागले. हॉल शांत झाला. सौमित्रला भरून आलं.

तेवढ्यात लोसे उठली, स्टेजवर चढली आणि “मालिए!” अशी दाद देत तिनं लेकीच्या दंडावर एक नोट चिकटवली. मग दुसरी.

सौमित्रला ही रीत ठाऊक होती. त्यांच्या लग्नात लोसे नाचली तेव्हा तिच्या आजोबांनीच त्याला समजावलं होतं: हा नाचणारीचा मान, आणि जमलेले पैसे ज्याचं कार्य त्याला द्यायचे. त्या दिवशी त्यानं स्वतः हौसेनं नोट चिकटवली होती.

पण इथे मागून शिट्टी आली. “अरे, दौलतजादा!” कुणीतरी ओरडलं आणि हॉल हसला. सौमित्रचा मित्र राजीव चेकाळून वर गेला. तमाशाच्या फडात शोभेल अशा झोकात त्यानं एक नोट इलाच्या डोक्यावरून ओवाळली आणि उधळली. इलाचे हात चालूच होते, पण डोळे प्रेक्षकांत बाबाला शोधत होते.

सौमित्र ताडकन उठला. राजीवला ओलांडून तो पुढे गेला आणि लेकीच्या दंडावरच्या नोटा त्यानं ओरबाडून काढल्या.

“खाली बस,” तो लोसेवर खेकसला. “भर सभेत पोरीवर पैसे लावतेस? लाज नाही वाटत?”

युकुलेली थांबली. हसू थांबलं. राजीव खांदे उडवत जाग्यावर जाऊन बसला.

पार्किंगमध्ये तेविता एवढंच म्हणाला, “आमच्याकडे चालतं गाणं कोणी तोडत नाही.” इला टिश्यूनं दंड खसाखसा पुसत होती.

“तू त्या माणसाला काहीच बोलला नाहीस, बाबा. You yelled at Mom.”

सौमित्रनं गाडीची किल्ली शोधायचा बहाणा केला.

दुसऱ्या दिवशी राजीवचा फोन आला. सौमित्रच्या हातांना कणीक होती, म्हणून त्यानं तो स्पीकरवर टाकला.

“काल जरा जास्तच झालं यार. वहिनी चिडल्या नाहीत ना? पण मजा आली! पुढच्या वर्षी पण ठेव हा आयटम.”

सौमित्रच्या तोंडात चांगल्या चार शिव्या आल्या होत्या. “हो, बघू ना,” तो हसून म्हणाला.

लोसे समोरच भाजी चिरत होती. इतक्या वर्षांत तिला मराठी छान समजू लागली होती.

ख्रिसमसच्या सुट्टीत मायलेकी सॉल्ट लेकला निघाल्या. तिथल्या चर्चमध्ये इला नाचणार होती, मामा गाणार होता. तिकिटं बुक होताना सौमित्र मागे येऊन उभा राहिला. “माझं?” त्यानं विचारलं.

इलानं स्क्रीनवरून नजर हलवली नाही. “You won't like it, बाबा,” ती म्हणाली, आणि तिनं दोनच तिकिटं काढली.