मानेवरची सावली

मी रावपुऱ्यातली एक तसबीर बोलतेय. दुसऱ्या मजल्यावरच्या बैठकीत, टीव्हीच्या जरा वर, चंदनाचा हार घातलेली. हार पाहून तुम्ही हात जोडलेत, ते ठीकच आहे. सगळे तसंच करतात. हात जोडले की डोळे मिटतात आणि डोळे मिटले की बघण्यातून सुटका होते. माझी तक्रार नेमकी तीच आहे.

माझ्यावर जी बाई आहे ती मोहनाबाई. पन्नाशी गाठायच्या आत गेली. तिला कदाचित वाचवू शकली असती अशी एक खूण माझ्या अंगावर होती. चांगली भर उजेडात होती. पुष्कळांनी ती पाहिली, काहींनी तर तिचं कौतुकही केलं. ती खूण कशी उमटली आणि कशी गेली, एवढंच मला सांगायचंय. बाकी माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं फारसं काही नाही.

माझी सुरुवात इतर तसबिरींसारखीच झाली. जाडसर सुती कापड, लाकडी चौकट, चार बाजूंनी ठोकलेले खिळे, वर पांढऱ्या रंगाचा हात. मला विकत आणलं यशश्रीने. मोहनाबाई आणि संपतराव यांची ही एकुलती एक मुलगी. संपतराव कोयलीच्या रिफायनरीत पाळीवर जाणारा माणूस. त्यांचे पूर्वज इथल्या मराठा संस्थानच्या फौजेत होते, त्याचा त्यांना फार अभिमान. घरात एक जुनी तलवार आहे, तिला अजून तेल लावतात. अशा घरातल्या मुलीने चित्रं काढायला शिकावं हे त्यांना मनातून पटलं नव्हतं, पण मुलीचा हट्ट मोडण्याइतके ते कठोरही नव्हते. त्यांनी तिला एका लहानशा खाजगी कलाशाळेत घातलं.

तिथे शिकवायला प्रतिमाबेन होत्या. करड्या केसांची, खादीच्या कुडत्यातली, कमी बोलणारी बाई. त्यांनी पहिले कित्येक आठवडे कोणाला ब्रशच धरू दिला नाही. टेबलावर एक वांगं ठेवायच्या आणि म्हणायच्या, नाव घेऊ नका, काय दिसतं तेवढं सांगा. मुलं म्हणायची, जांभळं. मग त्या वांगं खिडकीत नेऊन ठेवायच्या. तिथे ते एका बाजूने जवळजवळ पांढरं दिसायचं, खालून हिरवट, मध्ये काळं. जांभळं शोधावं लागायचं. नाव उच्चारलं की डोळे सुस्तावतात, असं त्यांचं म्हणणं. मी तेव्हा कोरी, भिंतीला टेकून उभी होते. मलाही ते पटलं.

यशश्रीला हे लवकर जमलं नाही. पण एकदा जमलं आणि ती बदलून गेली. रिक्षात बसली की समोरच्या माणसाच्या कानामागचा रंग बघायची. भाजीवाल्याच्या हातांकडे बघत राहायची आणि सुटे पैसे घ्यायला विसरायची. घरी जेवताना आईच्या कपाळावर ट्यूबलाइटचा निळा तुकडा पडतो, हे तिने आईला सांगितलं. आई म्हणाली, आमटी निवतेय.

मग मला घरी आणून खिडकीसमोर उभं केलं आणि मोहनाबाई माझ्यासमोर बसली. ती साड्यांना फॉल लावायची. त्या खिडकीतच तिची बैठक, म्हणून यशश्रीने तिला तशीच बसवली. मांडीवर साडी, हातात सुई, डावीकडून उजेड. पदर खांद्याभोवती घट्ट घेतलेला होता. यशश्रीने तो जरा खाली करायला सांगितला. मोहनाबाईने कुरकुर केली, मग केला. ती लवकर दमायची. मध्येच सुई खाली ठेवून डोळे मिटायची. घाम यायचा. यशश्री म्हणायची, आई, हलू नकोस ना.

आता नीट ऐका. उजेड डावीकडून होता. तेव्हा मानेची डावी बाजू उजळ हवी आणि ती होतीच. पण गळ्याच्या हाडाच्या थोडं वर, त्या उजळ जागेत, एक लहानशी राखाडी-हिरवट सावली होती. तिथे सावली पडायचं काहीच कारण नव्हतं. यशश्रीने ती घातली, मग चिंधीने पुसली. पुन्हा बघितलं, पुन्हा घातली, पुन्हा पुसली. तिला वाटलं आपलंच चुकतंय. शेवटी तिने तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं आणि जे दिसत होतं ते, दिसत होतं तिथे, तसंच्या तसं माझ्यावर ठेवलं. सावलीच्या वर एक बारीक उजळ कड आली. कातडीखालून काहीतरी किंचित वर आलेलं असावं तशी.

त्या क्षणी ती खरी चित्रकार झाली, असं मी आजही म्हणेन. मला तिचा तेव्हा अभिमान वाटला होता. ते आठवलं की आता माझीच मला शिसारी येते.

चित्र झाल्यावर मोहनाबाई उठून माझ्यासमोर आली. नाक बघितलं नाही, साडी बघितली नाही. सरळ त्या जागेकडे बघितलं. तिची बोटं आपोआप स्वतःच्या मानेवर गेली आणि तिथेच थांबली.

"यशू, हे असं दिसतं?"

"हो. इथेच तर चित्राचा जीव आहे. सुंदर दिसतेस तू, आई."

मोहनाबाई जराशी हसली. बोटं खाली आली. कुकरची शिट्टी झाली म्हणून ती आत गेली. तिला तिथे गाठ लागत होती, दुखत नव्हती म्हणून ती कुणाला बोलली नव्हती. हे सगळं पुढे दवाखान्यात बाहेर आलं. पण त्या दुपारी तिने विचारलं होतं, आणि तिला उत्तर मिळालं होतं.

नंतर मला कलाशाळेच्या वार्षिक प्रदर्शनात नेलं. लोक चित्र कसं बघतात ते मी तिथे शिकले. बहुतेक जण आधी खालची चिठ्ठी वाचतात, मग वर एक नजर टाकतात, चिठ्ठीत लिहिलंय तेच आहे ना एवढी खात्री करतात आणि पुढे सरकतात. काही जण पाठ करून उभे राहतात आणि माझ्यासकट स्वतःचा फोटो काढतात. जाणकार असतात ते अगदी जवळ येऊन ब्रश कसा चाललाय ते पाहतात. त्यांना बाई दिसतच नाही.

सकाळी परीक्षक येऊन गेले. त्यांच्यातल्या एकाने नेमकं त्या सावलीवर बोट ठेवलं. उजेड इकडून आहे, मग ही सावली कुठून आली, ड्रॉइंग चुकलंय का? आता 'तिथे होती म्हणून काढली' हे खरं उत्तर. पण अशा परीक्षेत ते उत्तर कच्चं समजतात. मुलं एकमेकांना पढवतात की 'दिसलं तसं काढलं' असं कधी म्हणायचं नाही, नाहीतर कॅमेरा काय वाईट होता म्हणून विचारतील. यशश्रीने मान ताठ करून सांगितलं की ती सावली मुद्दाम घेतली आहे, उजळ भागाला छेद हवा होता. परीक्षक खूश झाले. प्रतिमाबेननी तिच्याकडे जरा रोखून बघितलं. चित्राला पहिलं बक्षीस मिळालं.

दुपारी गर्दी ओसरल्यावर एक वयस्क गृहस्थ आले. त्यांनी चिठ्ठी वाचली नाही. चष्मा वर केला, खाली केला, मागे सरकले, पुन्हा जवळ आले. इतका वेळ माझ्यासमोर कोणीच थांबलं नव्हतं. यशश्री बाजूलाच उभी होती.

"आ कोण छे, बेन?" त्यांनी गुजरातीत विचारलं.

"मारी मम्मी," ती म्हणाली.

"एमनी तबियत सारी छे ने? आ गळा पासे..." तब्येत बरी आहे ना, असं विचारत त्यांनी गळ्याजवळच्या सावलीकडे बोट केलं.

यशश्रीचे कान तापले. सकाळचाच प्रश्न पुन्हा, असं तिला वाटलं असावं. सकाळी ज्या उत्तराने बक्षीस मिळालं तेच उत्तर तिने पुन्हा दिलं, थोडं तोऱ्यात, म्हाताऱ्याला चित्रातलं काही कळत नाही असं गृहीत धरून. ती सावली तर मी मुद्दाम केली आहे, काका. खऱ्यात तसं काही नाही.

"तो सारुं," मग बरं, असं ते म्हणाले. त्यांचा चेहरा खरोखरच मोकळा झाला. यशश्री मैत्रिणींकडे निघून गेली. ते मात्र आणखी थोडा वेळ उभे राहिले, बक्षिसाच्या फितीकडे बघितलं, आणि दारातून त्यांच्या सोबत्याने हाक मारली की चला डॉक्टर, चहा प्यायला जाऊ. गुणवंतभाई त्यांचं नाव. निघताना अभिप्रायाच्या वहीत सही केली तेव्हा कळलं. जन्मभर त्यांनी माणसं तपासली होती. त्यांना बघता येत होतं, आणि बघितलेल्याचा अर्थही लावता येत होता. तिच्या एका खोट्या वाक्यावर विश्वास ठेवून ते निघून गेले. मला वाचा असती तर मी तेव्हा बोंब मारली असती. आज फुटली आहे, तर काय उपयोग!

मी बक्षीस घेऊन घरी आले. दसरा जवळ आला होता. त्या दिवशी या घरात शस्त्रपूजा असते. भाऊबंद जमतात, तलवार पाटावर ठेवतात, झेंडूची फुलं वाहतात. मला बैठकीत टांगायचं ठरलं. संपतरावांनी मला नीट बघितलं आणि ते नाराज झाले.

"तुझ्या आईला अशी रोगट का काढलीस? चार माणसं येणार घरात."

यशश्रीने वाद घातला. बक्षिसाचं सांगितलं. तेव्हा ते जरा मऊ आवाजात म्हणाले की बक्षीस तुझं, पण बायको माझी आहे. निदान तिचा तन्मणी तरी घाल गळ्यात, लग्नात घातला होता तो. त्यांना बायको देखणी दिसायला हवी होती, यात वाईट काय? मोहनाबाईही म्हणाली, घाल गं, कशाला त्यांना दुखवतेस. ती तेव्हा पाठ टेकून बसली होती. दिवसभर पाठ टेकूनच बसायची. घरातल्यांना वाटायचं, वय झालं.

यशश्रीने पुन्हा रंग बाहेर काढले. तैलरंग वाळायला महिने लागतात, मी अजून आतून पुरती वाळलेही नव्हते. तिने पदर वर ओढला, मानेवर गोरा रंग दिला आणि त्यावर मोत्यांच्या लडी घातल्या. एकेका मोत्यावर पांढरा ठिपका देताना तिचा हात मजेत चालला होता. हुशार हात होता तो. सावली गेली. दसऱ्याला आलेला प्रत्येक माणूस त्या मोत्यांवर खूश झाला. एक काका म्हणाले, हात लावून बघावंसं वाटतं!

पुढचं लांबवत नाही. थंडी सरता सरता मोहनाबाईच्या मानेवरची गाठ पदरातूनही दिसायला लागली. मग दवाखाना, सुईने तपासणी, मोठा दवाखाना. गाठींचा कर्करोग. तो आता पोटात आणि हाडांत उतरला होता. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हे इतके दिवस कोणालाच कसं दिसलं नाही? लवकर आल्या असत्या तर हा आजार पुष्कळदा बरा होतो. हे सगळं मी घरात झालेल्या बोलण्यातून ऐकलं. यशश्री त्या दिवशी घरी आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि तिने मला भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

मी पुन्हा सरळ झाले ती मोहनाबाई गेल्यावर, लोक दुखवट्याला येऊन बसतात त्या बेसण्याच्या दिवशी. मोहनाबाईची इतकी मोठी, इतकी छान तसबीर दुसरी नव्हती. पांढऱ्या चादरीवर मला ठेवलं, हार घातला, माझ्या कपाळाला गंध लावलं. येणारा जाणारा म्हणत होता, अगदी बोलेल असं वाटतं, किती तेज आहे बघा चेहऱ्यावर. यशश्री कोपऱ्यात बसून प्रत्येकाला हात जोडत होती.

तिने चित्रं सोडली. आता ती माणसांच्या माना बघते. दूधवाल्याची, शेजारणीची, कामाला येणाऱ्या बाईची. बापाला रोज सकाळी खिडकीत उभं करते, मान वर करायला लावते आणि बोटांनी चाचपते. संपतराव निमूट उभे राहतात.

वर्षश्राद्ध झालं त्या संध्याकाळी पाहुणे गेल्यावर दोघं माझ्यासमोर बसले होते. टीव्ही बंद होता. संपतरावांनी माझ्याकडे बघतच विचारलं.

"यशू, तुला दिसलं होतं ना?"

तिला हा प्रश्न कधीतरी येणार हे माहीत असावं. ती रडली नाही.

"दिसलं होतं, बाबा. मी काढलंही होतं. मला वाटलं, उजेडाचं काहीतरी आहे."

मग ते म्हणाले की मी तर रोज तिच्यासमोर बसून जेवलो, मला तेवढंही दिसलं नाही. आणि थोड्या वेळाने, अगदी हळू, ते मोती काढता येतील का? मला ती जशी होती तशी बघायचीय.

यशश्री उठली. जवळ येऊन तिने माझ्या गळ्यावर नख टेकवलं. मलाही तेच हवं होतं. मग तिने हात मागे घेतला. रंग ओल्यावर ओला दिला होता, म्हणाली. दोन्ही एक झालेत. वरचं काढायला गेलं तर खालचंही सोबत येईल.

अशी मी. आता माझ्यावर जे आहे ते खोटं आहे, आणि खरं कायमचं त्याच्या पोटात गेलंय. उदबत्तीचा धूर बसून मी हळूहळू पिवळी पडतेय. पाहुणे येतात, मोती बघतात, हात जोडतात.

तुम्हीही बघितलंत, आता उठा आणि घरी जा. घरी कोणीतरी खिडकीत बसलं असेल, भाजी निवडत, नाहीतर मोबाईल बघत. त्या माणसाकडे जरा वेळ बघा. काही वेगळं दिसलं तर त्याला छान म्हणू नका, विचारा. आणि त्याने तुम्हाला काही विचारलं, तर खरं उत्तर द्या. या घरात 'हे असं दिसतं?' असं वेळेवर फक्त मोहनाबाईने विचारलं होतं, आणि तिला आम्ही सांगितलं की तू सुंदर दिसतेस.