दुसऱ्या पानावरचा दंड

मित्रांनो, मी थकलो आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मध्येच माझा पंखा घरघरला तर तुम्ही दचकणार नाही. मी एक जुना संगणक आहे. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत दाबाच्या टाक्या बनवणारा एक छोटा कारखाना आहे, त्याच्या फाटकावरच्या खोलीत सध्या माझा मुक्काम असतो. आल्यागेल्या ट्रकचे नंबर लिहून ठेवणे एवढेच माझे काम. माझ्या जातीत अठरा वर्षे म्हणजे पणजोबांचे वय झाले, त्यामुळे तक्रार करण्यात अर्थ नाही. तरी एक गोष्ट मनात राहून गेली आहे, ती सांगतो.

पालघर स्टेशनाजवळच्या एका दुकानात सुटे भाग जोडून मला तयार केले. तिथून मी तारापूरच्या एका प्रयोगशाळेत गेलो. तिथे हिना मॅडम होत्या. त्या रेणूंचे आकार शोधत. रेणू म्हणजे अणूंची माळ समजा. ही माळ कशी वळली म्हणजे तिला सगळ्यांत कमी ऊर्जा लागते, हे शोधायला त्या मला बसवत. मी एकेक मणी जरासा फिरवायचा, हिशेब करायचा, पुन्हा फिरवायचा. दिवस दिवस हेच.

आता माझा एक दोष कबूल करतो. मी आज्ञाधारक आहे, पण मला अक्कल नाही. ‘कमीत कमी शोध’ म्हटले की मी शोधणार. मग दोन अणू एकमेकांच्या उरावर बसले तरी मला काही वाटत नसे. म्हणून मॅडमनी मला दंड शिकवला. हा दंड पैशांचा नव्हता आणि छडीचाही नव्हता. तो नुसता एक आकडा होता. अट मोडली की उत्तरात तो आकडा मिळवायचा. असे केले की चुकीचे उत्तर मलाच जड वाटू लागे आणि मी आपोआप मागे फिरे. निर्बुद्धाला शहाणे करण्याची ही जुनीच युक्ती आहे.

पुढे प्रयोगशाळेत नवे संगणक आले आणि मला कमलाकांतकाकांनी इकडे आणले. काका टाक्यांचे आराखडे करत. मूळचे ते किनाऱ्यावरच्या दांडी गावचे, कोळ्यांच्या घरातले. घरच्या होडीवर न जाता डिप्लोमा केला म्हणून वडील वर्षभर त्यांच्याशी धड बोलले नव्हते. काकांनी स्वतः माझ्यासाठी एक कार्यक्रम लिहिला. टाकीला कमीत कमी पोलाद लागावे, पण ती फुटू नये, असे माप मी शोधायचे. इथेही पुन्हा दंड आलाच. म्हणतात ना, पळसाला पाने तीनच.

दोन वर्षांपूर्वी काका निवृत्त झाले. त्यांच्या जागी हेमांगीताई आली. बेटेगावची मुलगी, कॉलेजात पहिली आलेली, इथे सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलेली. काम पसंत पडले तर कायम, नाहीतर राम राम. जाण्यापूर्वीच्या आठवड्यात काकांनी तिला माझ्यासमोर बसवून दंडाची गोष्ट सांगितली. ती मला अजून तोंडपाठ आहे.

“पोरी, आमच्या दांडीला पावसातल्या मासेमारी बंदीच्या दिवसांत होडी दर्यात न्यायची नाय, असा गावाचा नियम हाय,” काका म्हणाले. “आदी दंड काय होता? देवळात एक नारळ. मग दोघं होडीवाले रोज नारळ फोडायचे आन् रोज जाळं भरून आणायचे. नारळ दिला की पाप फिटलं! तो दंड नव्हता, तिकीट होतं तिकीट.”

हेमांगीताई हसली. “मग?”

“मग गावानं ठरवलं, जो जाईल त्याची होडी हंगाम सुरू झाल्यावर पंधरा दिवस वाळूवर. एक माणूस हलला नाय. पण हे एकदम केलं नाय हं. पयल्याच दिवशी एवढा मोठा दंड लावला असता तर लोक होडीला डांबर लावायलासुदिक घाबरले असते. हळूहळू वाढवत नेला.”

माझ्या बाबतीतही काकांनी अगदी तसेच केले होते. पहिल्यापासून भारी दंड लावला तर मी अटीच्या पुष्कळ अलीकडेच घाबरून थबकतो आणि टाकी उगाच जाड होते. म्हणून काम पाच फेऱ्यांत चाले. पहिल्या फेरीत दंड अगदी हलका ठेवायचा. मग दर फेरीला माणसाने हाताने तो दहापट करायचा आणि मला पुन्हा शोधायला लावायचे. पाचव्या फेरीचे उत्तर तेच खरे. पहिल्या चार फेऱ्यांत मी नारळ देऊन दर्यात जाणाऱ्या होडीवाल्यासारखाच असतो. अट मोडतो, हलकासा दंड भरतो आणि स्वस्तातले उत्तर खुशाल पुढे करतो. मात्र काही लपवत नाही. किती दंड भरला ते दुसऱ्या पानाच्या शेवटच्या ओळीत लिहून ठेवतो.

आमच्या कचेरीत कागद वाचवायचा म्हणून छापत फक्त पहिले पान. काकांना त्याची फिकीर नव्हती, कारण पाचही फेऱ्या त्यांच्या बोटांत बसलेल्या होत्या.

काका जाऊन पाचेक महिने झाले तेव्हा आम्ल उकळण्याच्या एका मोठ्या टाकीचे काम आले. ठमीबाई आमच्याकडे झाडलोट करायची. ती मासवणची, पावसाळ्यात स्वतःच्या तुकड्यावर भात लावायची आणि बाकीचे दिवस इथे फडके मारायची. त्या दिवशी तिने माझ्यावरची धूळ पुसता पुसता हेमांगीताईला विचारले, “ताय, ही टाकी माज्या पोराच्या, चिंतूच्या कंपनीत जायची हाय ना? चांगली बनवा हां. तो तिच्याच बाजूला उभा राहणार आख्खी पाळी.”

“बनवते हो मावशी,” हेमांगीताई म्हणाली आणि मला कामाला लावले.

पहिली फेरी झाली. टाकीच्या पत्र्याची जाडी आठ मिलिमीटर निघाली. हेमांगीताई दंडाचा आकडा बदलणार एवढ्यात मालक धर्मेशशेठ दारात आले. गिऱ्हाईक फोनवर ताटकळले होते.

“हेमांगी, आकडा तयार आहे का? काहीतरी सांग, मी त्यांना काय उत्तर देऊ?”

“आठ येतंय सर, पण अजून...”

“आठ? वा! काका तर बारा म्हणाले असते. दे तो कागद.”

शेठ कागद घेऊन गेले, मागोमाग तिलाही हाक आली. गिऱ्हाईक खूश झाले, शेठ खूश झाले, सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली गेली. पोरगी नवी, कौतुकाने हुरळून गेली. उरलेल्या चार फेऱ्या तिच्या डोक्यातून साफ निघून गेल्या. आणि मी? मी मूग गिळून बसलो. मला दुसरे येते तरी काय? माझ्या पोटात दुसऱ्या पानावर स्पष्ट लिहिलेले होते की आम्लाने पत्रा झिजतो त्यासाठी राखायची जाडी यात नाही. ते पान कुणी मागितलेच नाही. मित्रांनो, त्या दिवसाइतका मी आयुष्यात कधी दमलो नाही.

नवी कोरी असताना ती टाकी फुटली नसती. पाण्याचा दाब देऊन चाचणी घेतात, त्यातही बहुधा निभावली असती. आम्ल दोन-चार वर्षे पत्रा खात राहिले असते आणि मग एखाद्या दिवशी, पाळीत कोण उभे आहे हे न बघता, ती गेली असती.

वीस दिवसांनी काका पुतणीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आले. सोबत सगळ्यांसाठी सुक्या बोंबलांची पिशवी. हेमांगीताईच्या टेबलावर नकाशा पसरलेला होता. काकांनी सवयीने चष्मा लावला आणि बोट एका आकड्यावर ठेवले.

“आठ? आम्लाच्या टाकीला आठ?” पिशवी खाली ठेवून त्यांनी विचारले, “पोरी, कितव्या फेरीचं हे?”

हेमांगीताईने खुर्ची ओढली आणि उरलेल्या फेऱ्या चालवल्या. नऊ आले. मग साडेनऊच्या वर, मग दहाच्या वर, आणि पाचव्या फेरीला पावणेअकरा. बाजारात मिळणारा त्यावरचा पत्रा बाराचा. काकांचे बारा.

“चूक माजीबी हाय,” काका हळूच म्हणाले. “दंड पयल्याच पानावर, ठळक लिवायला हवा होता मी. मला वाटलं, माज्यासारखं सगळ्यांनाच ठाऊक असेल.”

“आता काय करू काका?”

“ते मी नाय सांगणार. शेठकडं मी गेलो तर ती माजी गोष्ट होईल.”

ती आधी शेडमध्ये गेली. खिडकीतून मला तिथले ऐकू येत होते. पत्रा गोल वळवणाऱ्या विक्रमला तिने विचारले, कुठपर्यंत आले काम?

“मैडम, प्लेट तो कट के रोल भी हो गया,” तो म्हणाला. “कल से वेल्डिंग चालू.”

ती परत येऊन माझ्यासमोर बसली. सहा महिने भरायला अकरा दिवस उरले होते. गप्प बसली असती तर कुणाला कळले नसते. काका बोलणार नव्हते, मी बोलू शकत नव्हतो. तेवढ्यात ठमीबाई चहाचे कप उचलायला आली आणि “ताय, जेवली नाय का आज?” एवढेच म्हणाली. हेमांगीताई उठली. दुसरे पान तिने छापून घेतले आणि थेट शेठच्या खोलीत गेली.

त्या खोलीतला आवाज सगळ्या कारखान्याने ऐकला. शेठ वाईट माणूस नव्हे. टाकी आठाचीच जाऊ दे असे ते एकदाही म्हणाले नाहीत. त्यांनी वळवलेले पत्रे भंगारात काढले, बाराचे मागवले, गिऱ्हाईकाच्या शिव्या खाल्ल्या. पण महिनाअखेरीस त्यांनी तिला बोलावून सांगितले, “तू खरं बोललीस, हे मी मानतो. पण ठेवून घेता येणार नाही.” ती मान हलवून आली, डबा पिशवीत घातला, मला नीट बंद केले आणि गेली.

मग माझा नंबर लागला. “या खटाऱ्यामुळेच सगळं झालं,” असे ठरले. चोर सोडून संन्याशाला सुळी. नवा कार्यक्रम आला. तो पाचही फेऱ्या आपला आपणच करतो, चांगलेच आहे. मला फाटकावर आणले. इथे खारा वारा येतो, पावसाळ्यात भिंत पाझरते, माझी दोन बटणे दाबली जात नाहीत. काका एकदा येऊन गेले, माझ्यावर हात फिरवला आणि ट्रकवाल्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत बसले.

मित्रांनो, तुम्ही मोठे होऊन टाक्या बनवाल, पूल बांधाल, नाहीतर रेणू वळवाल. अट मोडण्याची किंमत इतकी हलकी ठेवू नका की ती भरणे परवडेल. आणि ती कुठेतरी मागच्या पानावर लपवू नका. माझ्यासारखी जुनी यंत्रे खरे तेच लिहितात, पण ते वाचायला माणूस लागतो.

ठमीबाई अजून इथे फडके मारायला येते. परवा फाटकावरच्या माणसाशी बोलत होती. चिंतू फार कुरकुरतो म्हणे. ती टाकी महिनाभर उशिरा आली, तेवढे दिवस तिथल्या कामगारांना घरी बसवले होते, ते तो अजून विसरला नाही. “बोलतं, टाकी बनवणाऱ्यांना अक्कल नाय. रोज संध्याकाळी घरी येतं आन् भाकर खाता खाता त्येंना शिव्या घालतं,” ठमीबाई सांगत होती आणि हसत होती.

हेमांगीताई हल्ली कुठे असते, मला ठाऊक नाही. तुम्हाला कधी भेटली तर माझे एवढे काम करा. मला बोलता येत नाही. तिला सांगा, चिंतू रोज संध्याकाळी घरी येतो.