न वाळलेला सिबुता

मी काएवाचा पाय आठवड्यातून तीनदा धुवायची, आणि चर्चच्या मंडळातल्या सगळ्या बायकांना हे ठाऊक असेल याची काळजीही घ्यायची. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकून कोणी मला उगाच भली समजणार नाही.

काएवा आमच्या बेटावरच्या बेसिओ गावात, बंदराच्या मागे राहायची. चार खांबांवरचा उघडा माच, वर फाटकी ताडपत्री. आमच्या बेटावर एकटं माणूस शोधून सापडत नाही, कुठल्या तरी मावशीच्या नाहीतर चुलत्याच्या माचावर त्याला जागा मिळतेच. काएवाला मिळाली नाही. नवरा समुद्रात बुडून गेल्यावर दोन लेकरांच्या तोंडात घास पडावा म्हणून ती परदेशी मासेमारीच्या जहाजांवर जायची. कशासाठी, ते कोणी मोठ्यानं बोलत नसे. लेकरं तगली, मोठी झाली आणि आईची लाज वाटून लांबच्या बेटावर निघून गेली. आमच्या चर्चमधल्या महिला मंडळाच्या अध्यक्ष मारेताबाई, आमच्याकडे म्हणतात तसं नेई मारेता, यांनी तिचं नाव वहीतून खोडलं आणि तिचा पांढरा सिबुता परत मागवला. हे चुण्यांचं सैल पोलकं रविवारी फक्त मंडळातल्या बायकांनी घालायचं असतं.

पुढे साखरेच्या आजारानं तिचा पाय सडला. मी प्रभूला म्हटलं, गरिबाची सेवा मी माझ्या हातांनी करीन, नुसता डबा पाठवून देणार नाही. आणि गेले.

पहिल्याच दिवशी मीच तिच्याकडे मागणं केलं. आमच्याकडे तोंड उघडून एखादी वस्तू मागितली की त्याला बुबुसी म्हणतात. बुबुसीला नाही म्हणणं म्हणजे आपल्याच तोंडाला काळं फासणं. तेव्हा बाहेरगावचे पाळक येणार होते आणि मंडळाला चटया कमी पडत होत्या. काएवाच्या अंगाखाली केवड्याच्या पानांची, बारीक विणीची चटई होती.

"ही देतेस का?" मी विचारलं.

"बुबुसी आहे?"

"आहे."

"मग धर." ती कुशीवर वळली, चटई ओढून काढली आणि माझ्या हातात दिली. त्या दिवसापासून ती खोक्याच्या पुठ्ठ्यावर झोपायला लागली. पाहुणे जाताना मंडळानं ती चटई त्यांना भेट दिली. मी दुसऱ्या दिवशी तिला भात आणि डब्यातला मासा नेला. फिट्टंफाट झाली असं मला वाटलं.

जखमेतल्या अळ्या मी बोटांनी काढल्या. देवाशपथ सांगते, किळस आली नाही. उलट हात धुताना वाटायचं, प्रभू बघतोय.

एका गुरुवारी नर्स सांगून गेली की सोमवारी पाय गुडघ्याच्या वर कापावा लागेल. मी पट्टी बांधत होते.

"बोटिका, एक मागू?" काएवा म्हणाली.

"माग की. भाजलेला निरफणस आणू?"

"तुझा पांढरा सिबुता दे. रविवारपुरता."

मी पट्टीची गाठ सोडून पुन्हा बांधली.

"एकदा सगळ्यांबरोबर बसते," ती म्हणाली. "मागे बसेन. गाईन तेसुद्धा हळू. सोमवारी नेणार मला, मग बसायला मिळेल न मिळेल. ढकलगाडी शेजारचा देतो म्हणालाय."

"अगं, माझ्या मापाचा तो."

"हो ना, माझ्यासारख्या तिघी मावतील त्यात." ती हसली. "मला एक बाही दे, तेवढी पुरेल. बुबुसी आहे, बोटिका."

माझ्या डोळ्यांसमोर मारेताची वही आली. काएवा माझ्या पोलक्यात चर्चमध्ये शिरली की तिच्यामागोमाग माझंही नाव खोडलं जाणार. बावीस वर्षं मी त्या वहीत होते.

"आत्ताच भिजत घातलाय गं," मी म्हटलं. "रविवारपर्यंत वाळायचा नाही."

आमच्याकडच्या उन्हात भात शिजेपर्यंत चादर वाळते. काएवानं ताडपत्रीच्या भोकातून वर पाहिलं. भोकाएवढं ऊन तिच्या पोटावर पडलं होतं.

"बरं," ती म्हणाली. "मग राहू दे."

रविवारी आम्ही नेहमीसारख्या दोघी-दोघी रांगेनं बंदराच्या रस्त्यानं निघालो. दुसऱ्या रस्त्यानं जाऊ या असं मारेताला काय कारण देऊन सांगणार? काएवा खांबाला टेकून बसली होती. केसांना तेल लावून विंचरलं होतं, कानामागे फूल होतं, खाली ढकलगाडी उभी होती. मी शेवटच्या घटकेला तरी येईन असं तिला वाटलं असावं. मी पांढऱ्या सिबुत्यात तिच्यापासून हातभर अंतरावरून गेले.

"वाळला वाटतं," ती म्हणाली. टोमणा मारल्यासारखं नाही, एखादी शेजारीण विचारते तसं. मी खाली बघून चालत राहिले.

सोमवारी तिला गाडीत चढवायला मी गेले नाही. पाय कापला, पण विष आधीच वर चढलं होतं. बुधवारी ती गेली.

अंघोळ मीच घातली. दुसरं कोण घालणार होतं? सिबुता इस्त्री करून नेला होता. हात ताठरले होते, बाह्या चढेनात, म्हणून मागून कात्रीनं उभा कापला आणि पुढून खोचला. तिनं एक रविवार मागितला होता आणि मी तिला कफन दिलं. वर गुंडाळायला चटई नव्हती. चादरीत गुंडाळून पुरली.

पुढच्या रविवारी मी फुलाफुलांचं पोलकं घालून रांगेत उभी राहिले. आता होऊन जाऊ दे, म्हटलं.

"नेई बोटिका, पांढरा कुठाय?" मारेतानं सगळ्यांदेखत विचारलं.

"काएवानं मागितला होता."

"बुबुसी केली तिनं?"

"हो."

मारेतानं सुस्कारा सोडला. "मग तू तरी काय करणार? बुबुसी म्हटल्यावर द्यावाच लागतो. त्यात तुझा काय दोष?" तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. बाकीच्यांनीही माना डोलावल्या.

एवढंच होतं. हेच उत्तर गुरुवारीही माझ्याजवळ होतं, आणि तेव्हाही कोणी वहीला हात लावला नसता. काएवाला ते ठाऊक होतं. म्हणूनच तिनं तो शब्द उच्चारला होता, माझ्या सोयीसाठी.

पाळकांनी प्रवचनात माझं नाव घेतलं, अंगावरचं वस्त्र काढून दिलं म्हणून. मंडळ मला नवा सिबुता शिवून देतंय. उद्या मारेता माप घ्यायला येणार आहे.