श्वासाचे दोन मार्क

सिरसाळ्याच्या शाळेत गहिनीनाथ सर बावीस वर्षं आठवीला विज्ञान शिकवत होते, आणि कॉम्प्युटरवर शरीर शिकवणाऱ्यांची त्यांना मनापासून कीव यायची. कंत्राटावर आलेल्या वर्षाराणी मॅडम पोरांना संगणक खोलीत नेऊन धडधडणारं हृदय, वळवळणारं आतडं दाखवत. आता मॅडम दाराला तिकीट लावतील आणि मधल्या सुट्टीत चिवडाही विकतील, असं सर स्टाफरूममध्ये म्हणत. बाकीचे हसत. मॅडम वह्या तपासत राहत.

चाचणीचे पेपर वाटले त्या दिवशी पौर्णिमा आपला पेपर घेऊन सरांच्या टेबलाशी आली. माणूस श्वास कसा घेतो, या प्रश्नाला सरांनी तिला भोपळा दिला होता. सरांच्या नोट्समध्ये उत्तर ठरलेलं होतं: हवा नाकातून शिरते, फुफ्फुसं फुगतात, म्हणून छाती वर येते. पोरीनं उलटं लिहिलं होतं. पोटाच्या वरचा पडदा, म्हणजे श्वासपटल, आधी खाली जातो. छातीत जागा होते. म्हणून हवा आत येते.

"हे कुणी शिकवलं?"

"मॅडमच्या कॉम्प्युटरवर असंच हाय, सर."

"कॉम्प्युटरला फुफ्फुस हाय का?"

वर्ग हसला. पौर्णिमा हसली नाही, वादही घातला नाही. पेपर टेबलावर तसाच ठेवून ती जागेवर जाऊन बसली. हे सरांना झोंबलं.

मधल्या सुट्टीत ते तडक संगणक खोलीत गेले. चूक यंत्राची आहे हे मॅडमच्या तोंडावर दाखवून द्यायचं, एवढंच डोक्यात होतं. पडद्यावर एक टकला, गोरापान माणूस उभा होता आणि छापील मराठीत आपल्या अवयवांची नावं सांगत होता. छाती काचेची, फुफ्फुसं बारशाच्या झबल्यासारखी गुलाबी. सरांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. याला जन्मात बिडीचा धूर लागलेला दिसत नाही, असं ते तोंड वाकडं करून म्हणाले. मॅडमनी माउस त्यांच्या हातात दिला आणि त्याला श्वास घ्यायला लावा म्हणाल्या.

सरांनी फुफ्फुसं धरून ओढली. हलली नाहीत. नाकावर दोनदा बटण दाबलं. काही नाही.

"बिघडलंय हे," सर म्हणाले.

मॅडमनी बोटानं फुफ्फुसांखालचा पडदा दाखवला. सरांनी तो जरासा ओढला, तर निळे ठिपके भराभरा नाकातून शिरले आणि फुफ्फुसं फुगली. सोडला, तशी रिकामी झाली.

"खेळणं हाय," म्हणत सर बाहेर पडले.

स्टाफरूममध्ये कोणी नव्हतं. सरांनी सगळा श्वास सोडला, पोटावर हात ठेवला आणि नाक उघडं ठेवून वाट पाहिली. हवा आपणहून काही आत येईना. जीव घाबरा झाला तेव्हा हाताखाली पोट पुढं सरकलं, आणि मगच हवा आली. मग त्यांनी कपाटातून आठवीचं पुस्तक काढलं. स्वतःच्या नोट्स तयार झाल्यापासून ते त्यांनी उघडलंच नव्हतं. त्यात तेच छापलेलं होतं, चित्रासकट. बरोबर लिहिणाऱ्या आणखी किती पोरांना आपण भोपळे दिले असतील, हे मनात आलं आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

शेवटच्या तासाला त्यांनी वर्गाला वह्या उघडायला लावल्या आणि श्वासाचं उत्तर खोडायला सांगितलं.

"कावून, सर?" मागून कुणीतरी विचारलं.

"चुकीचं हाय म्हणून. मीच चुकीचं दिलं."

कुणी हसलं नाही. सरांनी पौर्णिमाच्या पेपरावर लाल पेनानं दोन मार्क लिहिले आणि तो स्वतः तिच्या बाकापर्यंत नेऊन दिला.

शाळा सुटल्यावर वर्षाराणी मॅडम फाटकापाशी दिसल्या. सरांनी मोटारसायकल थांबवली, पण खाली उतरले नाहीत.

"हृदयाचं बी हाय का तसलं काही?"

आहे, उद्या दुपारी या, मॅडम म्हणाल्या.

"येतो. पण त्याचा आवाज बंद ठेवा. लई शहाण्यावानी बोलतंय ते."