टेकचंदची सायकल भट्टीसमोर

मी एक जुनी सायकल आहे. काळी, जाड कॅरिअरची, मोटारसायकलींच्या गर्दीत कुणी वळूनही बघणार नाही अशी. तरी मित्रांनो, वरठीत मला ओळखत नाही असा माणूस विरळा. आमच्याकडे माणूस कुठे आहे हे त्याची सायकल कुठे उभी आहे त्यावरून कळतं, आणि मी कित्येक वर्षं दारूच्या भट्टीसमोर उभी राहिले.

भंडाऱ्याच्या दुकानातून टेकचंदने मला आणलं, तेव्हा त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. त्याच्या बायकोने, निर्मलाबाईने, मला हळदकुंकू लावलं, हँडलला हार घातला. मी त्याला रोज पोलादाच्या कारखान्यात ड्यूटीवर न्यायची. सणावाराला आम्ही करडीला, निर्मलाबाईच्या माहेरी जायचो. मागे ती, पुढच्या दांडीवर लेक टीना. येताना कॅरिअरवर नव्या तांदळाची चुंगडी, म्हणजे पोतं. टेकचंद मला किती जपतो म्हणून सगळे कौतुक करायचे. काय सुखाचे दिवस होते ते!

मग ड्यूटी सुटली की मित्रांबरोबर थोडी, असं सुरू झालं. थोडीची पुष्कळ कधी झाली ते त्यालाही कळलं नाही. माझी चेन गंजली, सीट फाटली, कुणी तेलाचा थेंब घातला नाही. माझं जाऊ द्या, मी लोखंडाची आहे. घरात निर्मलाबाईच्या डोळ्यांचं पाणी खळत नव्हतं. टेकचंद लेकीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायचा आणि दुसऱ्याच दिवशी मोडायचा. शेवटी निर्मलाबाईने बजावलं, आता एकदा जरी प्यायलात तर मी पोरीला घेऊन करडीला निघून जाईन.

टेकचंद हादरला. कारखान्यातल्या तुलारामने त्याला सांगितलं होतं की दारू सोडलेल्या माणसांची दर रविवारी समाजमंदिराच्या मागच्या खोलीत बैठक भरते. टेकचंद शोधायला निघाला खरा, पण विचारणार कसं? भट्टीचा रस्ता त्याने कुणालाही बेधडक विचारला असता. इथे मात्र तोंड उघडेना. कुणाला किराणा दुकान विचारलं, कुणाला पिठाची गिरणी विचारली, आणि त्याच गल्लीत मला गरगर फिरवलं. एवढ्यात बैठकीच्या खोलीच्या दारातून तुलारामच बाहेर आला. तो हसला नाही. एवढंच म्हणाला, "पेतांनी लाज नाई वाटली, मंग सोडतांनी काहून वाटून राहिली?"

त्या दिवसापासून टेकचंद दर रविवारी जाऊ लागला. मी मनातून किती आनंदले होते! पण घरी त्याने अवाक्षर काढलं नाही. इतक्या शपथा मोडल्यावर कोणत्या तोंडाने सांगणार? आधी चांगलं निभावून दाखवू, मग सांगू, असं त्याने ठरवलं. आणि लोकांनी मला बैठकीसमोर पाहू नये म्हणून एक खुळी युक्ती काढली. मला तो नेहमीच्या जागी, भट्टीसमोर उभं करायचा आणि मागच्या गल्लीने पायी बैठकीला जायचा. तिथे मला पाहून कुणाला नवल वाटणार नव्हतं. अरे भल्या माणसा, सगळ्या गावापासून लपलास, पण निर्मलाबाईचे पाय त्याच रस्त्याने बाजाराला जातात हे कसं विसरलास?

तिने मला पाहिलं. माझ्याजवळ येऊन थांबली. मला वाचा असती तर मी ओरडून सांगितलं असतं की बाई, तो इथे नाही. ती बाजाराला न जाता घरी वळली. टेकचंद बैठकीहून शुद्धीत, अगदी हसत परतला, तेव्हा दाराला कुलूप होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही करडीला गेलो. निर्मलाबाई अंगणातच उभी राहिली.

"तुमची सायकल मी माह्या डोळ्यानं पायली. आता मले काई सांगू नका."

"मी दारू सोडाच्या बैठकीले गेलतो वं निर्मला. तुह्या गळ्याची शपथ."

"शपथा तं तुमी आधीबी लय घेतल्या."

टीना दाराआडून बघत होती. ती बाहेर आली नाही.

परतताना टेकचंद सरळ भट्टीवर आला. मला नेहमीच्या जागी लावलं आणि या वेळी खरंच आत गेला. मला तिथे बघून लोक जे समजायचे, की टेकचंद आत पीत बसलाय, ते त्या दिवशी पुन्हा खरं झालं.

तुलारामने त्याला पुन्हा बैठकीला नेलं. आता टेकचंद मला समाजमंदिराच्या पुढच्या बाजूला, मोठ्या रस्त्यावर, सगळ्यांदेखत उभं करतो. लोक बघतात, काही जण हसतात. तो मान खाली घालून आत जातो. करडीहून येणाऱ्या गाड्या माझ्यासमोरून जातात, पण निर्मलाबाई अजून आलेली नाही.

मित्रांनो, माझ्या चेनला तेल मिळालं नाही तरी चालेल. अशा बैठकीच्या दारासमोर कुणाची सायकल दिसली तर हसू नका, एवढंच करा. आणि कधी करडीला जाणं झालं, तर तिथे टीना नावाची मुलगी आहे. तिला सांगा, तुझ्या बाबांची सायकल आम्ही पाहिली. कुठे पाहिली तेही सांगा. तिच्या बाबांचं तिला खरं वाटत नाही, तुमचं वाटेल.