पाच पावलांवरचा चेहरा

कारखान्याच्या दारापासून रस्त्यापर्यंत रांग लागली होती, आणि आत जाऊन येणारा प्रत्येक जण पांढराफटक पडून बाहेर येत होता.

"मिटल्या डोळ्यांनी बघते हो! आपण सरकलो की मान वळवते!"

चिनी मातीची कामं करणाऱ्या आमच्या बाई, म्हणजे मालकांची बायको, तीन महिन्यांपूर्वी वारल्या. त्यांनी शेवटी भाजलेला स्वतःचा पांढरा चेहरा मालकांनी बोलावलेल्या एका महाराजांनी भिंतीवर लावायला सांगितला. खिडक्यांना पडदे लावले, चेहऱ्याखाली दिवा ठेवला आणि पाच पावलांवर खडूची रेघ ओढली.

"रेघ ओलांडाल तर खैर नाही! अतृप्त आत्मा आहे. लेकीला न्यायला आलाय."

लेक म्हणजे सहा वर्षांची चिमी. चार दिवस तापाने फणफणत होती. गोळी पोटात गेली की आई चिडते, म्हणून महाराजांनी औषध बंद केलं होतं. बाईंना गोळ्यांचा एवढा राग कधीपासून, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

मी तिथे साच्यांतून भांडी सोडवते आणि त्यांना झिलई लावते. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, असं चारचौघांत ठणकावून सांगायची. त्या दुपारी रेघेपाशी उभी राहिले, एक पाऊल उजवीकडे टाकलं आणि बाईंचा चेहरा हळूच माझ्याकडे वळला. घाबरले मी, खोटं कशाला बोलू?

आतल्या खोलीत चिमी खोकली. खोकला संपेना.

"दादा, डॉक्टरकडे नेऊ या तिला," मी मालकांना म्हटलं.

"तिची आई नको म्हणते," ते भिंतीकडे बघत पुटपुटले. मला त्या चेहऱ्यापेक्षा आता त्यांचीच भीती वाटायला लागली.

तेवढ्यात साचे करणाऱ्या मावशी आल्या. गुडघ्यांमुळे आठवडाभर रजेवर होत्या.

"मावशी, रेघ!"

"मेली ती रेघ! इथे फरशी पुसत नाही का कुणी?"

"भस्म व्हाल!" महाराज ओरडले.

मावशींनी सरळ बाईंच्या तोंडावर मूठ नेली. मूठ आत गेली, पार मनगटापर्यंत. मी किंचाळले. मावशींनी चेहरा उतरवून टेबलावर आडवा ठेवला आणि तांब्यातलं पाणी ओतलं. जिथे नाक वर यायला हवं, तिथेच पाणी साचलं.

"हा साचा आहे, खोलगट. बाईंनी तोंडावर माती दाबून घेतली, मीच सोलून काढली. चेहरा फुगीरच असतो ही डोळ्यांची सवय, म्हणून खळगाही फुगीर दिसतो. खालचा दिवा त्याला साथ देतो. आपण सरकलो की तो वळल्यासारखा वाटतो. जवळ आलं की सोंग संपलं. कळलं रेघ कशाला?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तू गं? जन्म साच्यांत गेला ना तुझा?"

मीही फसलेच होते. रोज साच्यांत बोटं घालणारी मी.

"पाणी आत्म्यानेच धरलंय…" महाराजांनी सुरुवात केली, पण ऐकायला मालक थांबलेच नव्हते. चिमीला उचलून ते अनवाणी धावत सुटले होते.

"न्यूमोनिया," डॉक्टर म्हणाले. "उद्या आणली असतीत तर…" मालक तिथेच खाली बसून रडले.

चिमी वाचली. आता ती साच्यातल्या नाकात बोट घालून हसते, "आईचं नाक मला मोठं होतं!" ते ऐकून आमच्याही डोळ्यांत पाणी येतं.

भीती वाटेल, मलाही वाटली. पण कुणी रेघ ओढून "पुढे येऊ नका" म्हणालं, तर ती ओलांडा आणि हात लावून बघा. आणि आजारी लेकराला आधी डॉक्टरकडे न्या.